सव्वा मूठ गहू

जळगावातल्या मेहरूणच्या त्या घराला आम्ही कुणीच कधी 'आपलं घर' म्हटलं नाही. सगळे 'अक्काकडे' म्हणायचे. आपलं घर म्हणजे पाचोऱ्याजवळच्या खेड्यातलं, जिथे माय आणि नाना केळी आणि कपाशीत बुडालेले असायचे. पण गावातली शाळा सातवीला संपायची, आणि संपली की त्या वर्षीचं मूल पत्र्याच्या पेटीसकट जळगावला अक्काकडे येऊन पडायचं. अशी येत येत आम्ही सात जणं झालो. त्यातली मी आणि भूषण नानांची, बाकीची दोन काकांची. पण कोण कुणाचं हे विचारायची वेळ त्या घरात कधी आली नाही. सकाळी नळ यायच्या आधी अक्काचा आवाज यायचा. मग बादल्या, मग पाण्याची मोटर, आणि त्या सगळ्या गदारोळात कुणीतरी संडासाच्या दारावर धडका देत असायचं. सकाळचं जेवण ठरलेलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तिच्यावर भाजलेल्या मिरचीचा ठेचा, आणि हिवाळ्यात भरीत. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत पडायचे. कावळे हाकलायला आम्हाला राखणीला बसवत आणि संध्याकाळी अर्धे बिबडे कमी निघत. कावळ्यांना उगाच बोल लागत असे. बोरांच्या दिवसांत तर आमच्या सगळ्यांच्या खिशांना मेहरूणच्या बोरांचा वास यायचा, आणि अक्का धुवायला टाकलेल्या प्रत्येक खिशातून बिया काढत आमच्या नावाने शिव्या मोजायची.

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. धुळ्याला दिलेली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला छळलं वगैरे काही नाही, फक्त हळूहळू तिच्याकडे बघेनासे झाले. मग एक दिवस नाना गेले आणि तिला ट्रंकेसकट घेऊन आले. मेहरूणचं घर मुलांच्या शिक्षणासाठी नुकतंच घेतलेलं होतं, ते तिच्या हाती दिलं. हे सगळं मला मोठेपणी मायकडून कळलं. अक्का स्वतः धुळ्याचं नाव काढत नसे. कुणी काढलंच तर तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं. चुलीच्या जागी गॅस आला तेव्हा गॅसवरचं आठवायला लागलं.

वर्षातून एकदा मात्र उलट व्हायचं. गाव अक्काकडे यायचं. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. खान्देशाबाहेरच्या वाचकाला सांगायचं तर कानबाई ही आमची घरची देवी. नारळाला नथ, डोळे, मणी घालून चौरंगावर मांडायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी डोक्यावरून मिरवत पाण्यावर न्यायची. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. जाडसर दळलेल्या गव्हाचे, आत गूळ घातलेलं हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, तुपात भाजलेले. रोटांचे गहू माणसागणिक घ्यायचे. घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ सुपात टाकायची. माणूस घरी असो नसो, त्याची मूठ पडते. आमचा दीपकदादा फौजेत गेला, लडाखला बर्फात बसलेला असायचा, तरी त्याच्या नावाचे गहू सुपात. आणि हे रोट घरच्याच माणसांनी खायचे. शेजारी द्यायचे नाहीत, पाहुण्याला वाढायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. पौर्णिमेच्या आत संपवायचे. या गव्हासाठी मेहरूणचा चक्कीवाला त्या आठवड्यात चक्की धुऊन पुसून ठेवायचा, आणि रोटांच्या दळणाच्या दिवशी दुसरं कुठलंही दळण आलं तरी घ्यायचा नाही.

बऱ्याच घरी ही मूठ फक्त पुरुषांच्या नावाची असते. आमच्याकडेही तशीच होती. अक्का आल्यावर पहिल्याच वर्षी तिने मुलींची नावं घ्यायला सुरुवात केली. आजोबांनी विचारलं म्हणे, हे काय नवीन? तर ती म्हणाली, "ह्या पोरी जेवतीस नही का? मग गहू कोना नावना खातीस?" तेव्हापासून मुलींचीही मूठ पडते. मुलीची मूठ लग्न होईपर्यंत. लग्न झालं की तिचे गहू सासरच्या सुपात. त्यामुळे आमच्या घरातल्या मुली लग्न ठरलं की एकमेकींना चिडवायच्या, 'पुढच्या वर्षी तुझं सूप बदलणार.'

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. अक्काचे रोट भयंकर गोड असायचे. पहिल्या घासाला बरं वाटायचं, दुसऱ्याला दात शिवशिवायचे, तिसऱ्याला तांब्याभर पाणी लागायचं. पण ते सांगणार कोण? नैवेद्य तो, करताना चाखता येत नाही. आणि अक्का नंतरही खायची नाही. रविवारी म्हणायची, तळण भाजून वासानेच पोट भरलं. सोमवारी म्हणायची, "मले उपास शे." श्रावणी सोमवारच तो, कोण कशाला जास्त विचारतंय. आम्ही रोट खायचो, पाणी प्यायचो आणि गुमान बसायचो.

मला झाडांच्या रोगांचं शिकायचं होतं. यात मोठं ध्येय वगैरे काही नव्हतं. नानांच्या केळीवर एका वर्षी करपा आला, पानं कडेने जळाल्यासारखी होऊन लोंबली, आणि नाना बांधावर नुसते उभे राहिले. नाना सदा बोलणारा माणूस. त्यांना तसं गप्प पाहून मी जी घाबरले ती अजून विसरले नाही. कृषीची पदवी झाली, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. घरात पेढे वाटून झाले. व्हिसा ही काय चीज आहे ते तोवर आम्हाला माहीत नव्हतं. नानांना वाटलं होतं, रेशन कार्डासारखं असेल, रांग लावली की मिळेल.

पहिल्या मुलाखतीला वकिलातीतल्या खिडकीमागच्या तरुण साहेबाने सहज विचारलं, तुम्ही भावंडं किती? मी म्हटलं, सात. त्याने समोरच्या कागदात पाहिलं. अर्जात एकच भाऊ होता, कारण अर्जात आईवडिलांची नावं विचारून मग भावंडं विचारली होती, आणि माझ्या आईवडिलांना आम्ही दोनच. बाकीची पाच कोण, त्याने विचारलं. मी म्हटलं, काकांची. मग ती सख्खी नव्हेत ना, तो म्हणाला. मला काय झालं कोण जाणे. मी ताठ होऊन म्हटलं, "नाही सर, आम्ही सगळे सख्खेच आहोत." त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि पासपोर्ट परत सरकवला. शिक्षण संपल्यावर मी मायदेशी परतेन याची त्याला खात्री वाटत नव्हती, अशा अर्थाचा छापील कागद त्यात होता. घरी येऊन सांगितलं तेव्हा अक्का भडकली. माझ्यावर नाही, त्याच्यावर. "पोरनी खोटं काय सांगं? सातच ते शेतस! त्याले मोजाले येत नही त्याले आपन काय करसूत?"

विद्यापीठाने जागा पुढच्या वर्षावर ढकलून दिली. दुसऱ्या खेपेला मात्र आम्ही तयारीनिशी उतरलो. शहरातल्या एका क्लासच्या सरांनी मला उत्तरं पाठ करून दिली. उत्तर छोटं द्यायचं, हसायचं, काकांची मुलं काढायची नाहीत. घरी सराव सुरू झाला. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामध्ये भांडी द्यायची एक खिडकी होती, ती झाली वकिलात. पलीकडे भूषण शर्टाची सगळी बटणं लावून साहेब व्हायचा. तो कंटाळला की अक्का हात पुसत खिडकीत यायची.

"कसाले जाशी?"

"उच्च शिक्षण घेण्यासाठी, मॅडम."

"आठे काय शिकाले नही का?"

"आहे, पण तिथे संशोधनाच्या सोयी..."

"मंग परत कसाले येशी? सोयी ते तठेच शेतस."

याचं उत्तर सरांनी पाठ करून दिलेलं होतं. माझे मायदेशाशी दृढ संबंध आहेत, असं काहीसं. मी ते म्हणून दाखवलं. अक्काने कढईत झारा फिरवत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाई तुनं बोलनं नही शे. कोनं तरी दुसरानं शे." ती बरोबर होती. वकिलातीतल्या माणसालाही तसंच वाटलं असणार. मी पाढे म्हणावेत तशी उत्तरं म्हटली, हसले, आणि पुन्हा तोच छापील कागद घेऊन बाहेर आले.  परतीच्या गाडीत नानांनी मला शेंगा सोलून दिल्या. पाचोरा गेलं, जळगाव आलं, तरी सोलत होते.

आता माझ्या भाच्या मोबाईलवर कुठल्या देशाचा व्हिसा सोपा ते मला समजावतात, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो आणि थोडी कीवही येते. त्यांच्या नकारांना साक्षीदार नसतात. माझ्या नकाराची बातमी दूधवाल्यालाही होती. 'पुन्हा नाही म्हणाले का ताई?' असं तो माप ओतता ओतता विचारायचा.

त्याच उन्हाळ्यात धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, हे मी आजही म्हणेन. बँकेत होता, वाचणारा होता, बघायला आला तेव्हा माझ्याइतकाच अवघडला होता. माझ्याकडे त्याला नाकारायला काही कारण नव्हतं, तीच अडचण होती. नाना रात्रीच्या जेवणानंतर मला म्हणाले, "वैशू, अजून एकदा जाऊन ये. तुझ्या मनात राहायला नको. पण या खेपेला नाही झालं तर धुळ्याला हो म्हणून टाकू. त्यांना किती दिवस ताटकळत ठेवायचं?" विद्यापीठानेही कळवलं होतं की जागा आता आणखी राखता येणार नाही. म्हणजे ही शेवटचीच. मी हो म्हटलं. अक्का तिथेच तांदूळ निवडत बसली होती. धुळ्याचं नाव निघालं तरी ती या वेळी उठून गेली नाही. सूप हलवत राहिली.

मुलाखतीची तारीख आली ती नेमकी कानबाईच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची, मंगळवारची. रविवारी घर भरून गेलं. माय गावाहून गंगाफळं, म्हणजे लाल भोपळे, घेऊन आली. शुक्रवारीच अक्काने सुपात मुठी टाकल्या होत्या, एकेक नाव मोठ्याने घेत. माझं नाव आलं तेव्हा तिचा हात क्षणभर थांबलेला मला दिसला. मला वाटलं, तीही मनात हेच म्हणत असेल, व्हिसा नाही मिळाला तर ही शेवटचीच. मग सव्वा मूठ पडली, जरा भरगच्चच पडली. त्या दोन दिवसांत माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं. बायका रात्रभर गात होत्या, सोमवारी तलावावर जाताना फुगड्या घालत होत्या, सोन्यासारखी कानबाई मायच्या डोक्यावर होती, आणि मी मनात सरांची उत्तरं घोळवत चालले होते. माझ्या वाटणीचे रोट तसेच राहिले. विसर्जन आटोपून दुपारची गाडी पकडायची म्हणून मी आणि नाना निघालो, तेव्हा अक्का दारापर्यंत आली. फाईल घेतली का, एवढंच तिने विचारलं. एरवी बोलायची थांबत नसे, म्हणून ते लक्षात राहिलं.

मंगळवारी सकाळी वकिलातीच्या रांगेत माझ्याकडे फक्त कागदांची फाईल होती. पिशवी, मोबाईल, पाण्याची बाटली, सगळं नानांकडे, आणि नाना पार रस्त्यापलीकडे, दोरीच्या मागे. दारावरच्या रखवालदाराने फाईल उघडली. पदवीचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, विद्यापीठाचं पत्र, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधलेले दोन रोट. मी काहीही विसरले तरी फाईल विसरणार नाही, हे अक्काने बरोबर हेरलं होतं. पदवीच्या कागदावर तुपाचा एक गोल डाग उमटला होता. तो अजून आहे.

"मॅडम, खाण्याचं आत जात नाही," रखवालदार म्हणाला. मराठीच होता, साताऱ्याकडचा असावा. "तिथे डबा आहे, टाकून द्या."

"टाकता नाही येत."

"मग कुणाला तरी देऊन टाका."

माझ्या मागे पुण्याची एक मुलगी उभी होती. तिने लगेच हात पुढे केला. म्हणाली, दे ना मला, मी सकाळपासून उपाशीच आहे. मी फडकं छातीशी धरलं आणि म्हटलं, "तुला चालत नाही." ती बिचारी गोरीमोरी झाली. मी तिला समजावायला गेले, की तू वाईट म्हणून नाही, हे घरच्यांनीच खायचं असतं, तर रखवालदार हसायला लागला. म्हणाला, "मग ताई, खा आता इथेच. मागच्यांना पुढे सोडतो, तुमची पाळी धरून ठेवतो."

आणि मी खाल्ले. हातात फाईल, अंगावर इस्त्रीचा ड्रेस, आजूबाजूला टाय लावलेली मुलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून तिसऱ्या दिवशीचे चामट रोट तोडतेय. पाणी नाही. दुसऱ्या रोटाला तर ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. तो गूळ! पण एक झालं. दोन दिवसांत पहिल्यांदा पोटात अन्न गेलं. शेवटचा तुकडा गिळून ओढणीला बोटं पुसली आणि आत गेले.

खिडकीत या वेळी एक वयस्क बाई होत्या. पांढरे केस आखूड कापलेले, गळ्यात चष्म्याची साखळी. त्यांनी बोटं यंत्रावर ठेवायला सांगितली. ठेवली. यंत्र घेईना. पुन्हा ठेवली. पुन्हा नाही. त्यांनी यंत्र पुसलं, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि काचेखालून कागदी रुमाल सरकवला. "हे काय लागलंय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

सरांच्या उत्तरांत हा प्रश्न नव्हता. मी खरं ते सांगितलं. तूप आहे. कशाचं? रोटाचं. रोट म्हणजे काय? मग मी सांगत सुटले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून, मूठ कशी धरायची ते काचेवर दाखवून. सव्वा मूठ म्हणजे एक मूठ आणि वर थोडं. प्रत्येकाच्या नावाची. बाहेरच्याला चालत नाही, म्हणून दाराशी उभं राहून खाल्ले.

"घरात किती जणं आहात?" त्यांनी विचारलं. समोर जुने दोन्ही नकार उघडे असणार.

"आम्ही सात भावंडं," मी म्हटलं. "अर्जात एकच भाऊ आहे. बाकीचे काकांचे. पण मुठी सातही जणांच्या पडतात."

"आणि तुम्ही इकडे आलात, तर तुमची मूठ?"

"पडणारच. माणूस कुठेही असला तरी पडते. माझा भाऊ सीमेवर आहे, त्याची पण पडते." आणि मग ते माझ्या तोंडून आपसूक निघालं, "माझे रोट बाकीच्यांना खावे लागतील, म्हणून मला यावं लागेल."

त्या जरा हसल्या. मला बरं वाटलं, आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, "हे मोजतं कोण?"

"माझी आत्या. तिनेच आम्हाला वाढवलं. मुलींची मूठ तिनेच सुरू केली."

"आणि तिच्या नावाची?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांपुढे ते सूप आलं. दादाची, भूषणची, माझी, नानांची, मायची, काका-काकूंची. मी सगळी नावं मनात एकदा म्हणून पाहिली. पुन्हा म्हणून पाहिली. तळण भाजून भरलेलं पोट आठवलं, सोमवारचे उपास आठवले. इतकी वर्षं मी त्या घरात जेवले, झोपले, भांडले, आणि हे एका परक्या बाईने काचेमागून विचारावं! मला रडू येईल असं वाटलं.

"तिच्या नावाची नाही," मी म्हटलं.

"का?"

"ती लग्न होऊन गेली होती. मग परत आली."

म्हणता म्हणताच मला कळलं, संपलं सगळं. आत्ताच मी ठासून सांगितलं होतं की गेलेल्याची मूठ घरात राहते म्हणून तो परत येतो, आणि आत्ताच सांगत होते की जी परत आली तिची मूठ नाही.   मग बाईंनी पुन्हा बोटं ठेवायला सांगितली. यंत्राने या वेळी मुकाट्याने घेतली. त्यांनी काहीतरी टाईप केलं आणि माझा पासपोर्ट बाजूच्या टोपलीत ठेवला. परत दिला नाही. मी हात पुढे करून तशीच उभी. त्या म्हणाल्या, "व्हिसा लागून घरी येईल. जा आता. आणि आत्याला विचारा."

बाहेर नाना दोरीला धरून उभे होते. माझ्या हातात पासपोर्ट दिसला नाही तर म्हणाले, "हरवला का गं?" त्यांना सांगायला मला दोन वेळा सुरुवात करावी लागली. मग त्यांनी भर रस्त्यात डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मोबाईल माझ्या हातात दिला. अक्काने पहिल्याच घंटीला उचलला. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "रोट खादा का?"

"खाल्ले. दोन्ही."

"बठ्ठा?"

"बठ्ठा, सगळे. आणि अक्का, झालं. मिळाला व्हिसा."

 पलीकडून मायचा आवाज आला, की अक्का आत गेलीय, गॅसवर काहीतरी ठेवलंय वाटतं. नानांनी त्याच संध्याकाळी धुळ्याला फोन केला, आणि तो मुलगा फोनवर म्हणाला म्हणे, 'बरं झालं हो, त्यांना जायचंच होतं.' मी म्हटलं ना, चांगला होता.

वकिलातीतल्या बाईंनी विचारायला सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही. काय विचारणार? जायच्या गडबडीत धीर झाला नाही. तिकडे पहिल्या श्रावणात मी प्रयोगशाळेत पानांवरची बुरशी मोजत होते आणि भूषणने कळवलं, तुझ्या नावाची मूठ पडली, तुझे रोट आम्ही वाटून खाल्ले, पाणी पिऊन पिऊन. पुढच्या श्रावणातही तेच. शिक्षण संपलं आणि मी परत आले. चांगल्या नोकरीचं बोलावणं होतं, मन डळमळलं नाही असं खोटं कशाला सांगू? पण मी आले. जळगावजवळच्या एका प्रयोगशाळेत केळीच्या रोपांवर कामाला लागले, आणि तिथेच आज केस पिकले.

आले त्या वर्षी कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी अक्काने सूप माझ्यापुढे सरकवलं. तिची बोटं आता वळत नव्हती, मूठ नीट मिटत नव्हती. म्हणाली, "तू टाक. मी नाव सांगस." ती नाव सांगत गेली, मी टाकत गेले. नवी नावंही होती, दादाची बायको, तिचं बाळ. शेवटचं नाव झालं. तिने पदर सावरला आणि उठायला लागली. मी डब्यात हात घातला आणि आणखी सव्वा मूठ टाकली.

"हाई कोना नावनी?"

"तुना नावनी."

तिचा चेहरा एकदम कडक झाला. "काढ ते. मी तिकडली शे." इतक्या वर्षांत तिने धुळ्याचा उल्लेख केला तो असा.

"तू तिकडे गयथी," मी म्हटलं. मला अहिराणी कधीच धड येत नाही, पण त्या दिवशी आली. "गयथी आनि परत उनी. मी बी तशीच. मनी पडस मंग तुनी का बरं नही?"

तिने सुपात हात घातला. गव्हात गहू मिसळून गेले होते, काढायचे तरी कुठले? नाना दारात उभे होते. त्यांनी पुढे होऊन सूप उचललं आणि स्वतः चक्कीवर घेऊन गेले. आमच्या घरात हे काम पुरुषाने केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी अक्काने तळण-भाजणीचं कारण सांगितलं. सोमवारी विसर्जन करून आलो, पंगत बसली, आणि माय वाढायला आली. अक्का सवयीने म्हणाली, "मले उपास..." आणि थांबली. मायने काही न ऐकल्यासारखं करून तिच्या ताटात रोट ठेवला. आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत होतो. अक्काने तुकडा तोडला, तोंडात घातला, बराच वेळ चावला. मग भुवया उंचावून आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं.

"आरे, किती गूळ हाऊ! इतला वरीस व्हयनात, मले कोनी सांगं बी नही?"

पंगतीत कुणी मान वर करेना. भूषणने पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. ती तांब्याला तोंड लावून घटाघटा प्यायली, पदराने तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि मायकडे ताट पुढे करून म्हणाली, "मना वाटनीना आखो एक शे ना? टाक."